पांगळ्या पायांचा पोलादी सोबती

धातूच्या पायाची कल्पना भारतीय वाङ्मयाला नवी नाहीं. विश्पला नांवाच्या स्त्रीचा पाय लढाईंत तुटला आणि अश्विनीकुमारांनीं तिला धातूचा पाय बसवून दिला, अशी कथा ऋग्वेदांत आली आहे. परंतु गेलेल्या पायाच्या जागीं नवा पाय बसविणें ही एक गोष्ट, आणि जागेवर असलेल्या पण बळ हरपलेल्या पायाला पोलादाची सोबत देणें ही दुसरी. पहिल्याला कृत्रिम पाय म्हणतात. दुसऱ्यासाठीं 'कॅलिपर' हाच परका शब्द मराठी घरांत रुळून गेला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पोलिओनें अधू झालेलीं मुलें महाराष्ट्राच्या सर्व भागांत होतीं, तशीं पुणें जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती व इंदापूर या तालुक्यांतही होतीं. त्यांतील ज्यांच्या पायांत कॅलिपर आला, त्यांच्यापैकीं कांहींनीं तो जन्मभर वागविला. कांहींचा मात्र वर्षाच्या आंत खुंटीला लागला. खुंटीवरचा कॅलिपर दिसला कीं पाहणारा म्हणतो, "मुलाला कंटाळा, आईबापांना हयगय!" हा निवाडा न्याय्य आहे काय, हें ठरविण्यापूर्वीं ही वस्तु काय आहे, ती कोणत्या देशांत घडली आणि कोणत्या भूमीवर तिला चालावें लागलें, हें पाहणें इष्ट होईल.

कॅलिपरची रचना दिसावयास सोपी असते. पायाच्या आंतल्या व बाहेरच्या बाजूंनीं दोन पोलादी पट्ट्या मांडीपासून टांचेपर्यंत उतरतात. मांडीच्या व पोटरीच्या मागें त्यांना चामड्यानें मढविलेले आडवे बंद जोडलेले असतात. गुडघ्यासमोर चामड्याची एक गादी येते व ती वाद्यांनीं आवळतां येते. पट्ट्यांचीं खालचीं टोकें बुटाच्या टांचेशीं पक्कीं जोडलेलीं असतात. म्हणून बूट हा या साधनाचा वरचा शृंगार नसून त्याचा पाया आहे. गुडघ्याच्या उंचीवर दोन्ही पट्ट्यांना बिजागऱ्या असतात आणि त्यांच्यावर एकेक सरकतें कडें. माणूस उभा राहून पाय सरळ झाला, कीं तीं कडीं आपल्याच वजनानें खालीं घसरतात, बिजागरीवर बसतात आणि गुडघा कुलुपबंद होतो. बसावयाचें झालें म्हणजे दोन्ही कडीं हातानें वर ओढावीं लागतात. कडें बसतांना होणारा 'खट्ट' असा बारीक आवाज घरच्या माणसांच्या इतका ओळखीचा होतो, कीं दार उघडण्यापूर्वींच कोण आलें तें कळावें.

एवढ्यानें काय साधतें? मनुष्य उभा असतां गुडघा दुमडूं न देण्याचें काम मांडीच्या पुढच्या बाजूचा बळकट स्नायु करीत असतो. तो लुळा पडला, कीं अंगाचा भार येतांच चाकू मिटावा तसा गुडघा मिटतो. असा मनुष्य साधनावांचून चालूं लागला, तर प्रत्येक पावलाला कमरेंत वांकून मांडीवर हात दाबतो. हातच स्नायूचें काम करतो. पण मग त्या हातांत पाटी धरतां येत नाहीं, पाण्याची कळशी धरतां येत नाहीं, आणि वर्षानुवर्षें मागें रेटला गेलेला गुडघा उलट्या बाजूला कमानीसारखा झुकूं लागतो. कॅलिपर पायाला शक्ति देत नाहीं. तो केवळ गुडघ्याला मिटूं देत नाहीं. भार हाडांवरून व पोलादावरून सरळ जमिनींत उतरतो, पाठ ताठ होते आणि एक हात मोकळा होतो. हा मोकळा हात हीच कॅलिपरची खरी देणगी होय.

या साधनाचें कूळ इंग्लंडांतील लिव्हरपूल शहरीं सांपडतें. ह्यू ओवेन टॉमस (१८३४–१८९१) हा तेथील डॉक्टर परंपरेनें हाडें बसविणाऱ्या वैद्यांच्या घराण्यांत जन्मला होता. क्षयानें किडलेल्या सांध्याला पूर्ण व दीर्घ विश्रांति मिळाली पाहिजे, असा त्याचा आग्रह असे. म्हणून पायाला दोहों बाजूंनीं लोखंडी सळ्यांत धरून ठेवणारी चौकट त्यानें तयार केली आणि १८७५ सालीं ती आपल्या ग्रंथांत वर्णन केली. त्याच्या हयातींत तिची फारशी चहा झाली नाहीं. त्याचा भाचा रॉबर्ट जोन्स यानें पहिल्या महायुद्धांत ती आघाडीवर नेली, तेव्हां मांडीचें हाड मोडलेल्या असंख्य सैनिकांचे प्राण वांचले. पुढें पोलिओच्या सांथी युरोप-अमेरिकेंत पसरल्यावर हीच चौकट चालत्या मुलांच्या पायांवर चढली. लोहार व चांभार या दोघांच्या कसबावांचून असें साधन उभें राहूं शकत नाहीं. एक पट्टी वांकवितो, दुसरा चामडें शिवतो, आणि डॉक्टर दोघांना माप सांगतो.

ज्या रोगामुळें या साधनाची गरज पडली, त्याची रीत विलक्षण आहे. पोलिओचा विषाणु दूषित पाणी, हात व अन्न यांच्या वाटेनें पोटांत जातो. शेंकडों मुलांना त्याचा संसर्ग होतो, आणि बहुतेकांना साध्या तापापलीकडे कांहीं होत नाहीं. सुमारें २०० संसर्गांमागें एखाद्याच्याच मज्जारज्जूंतील स्नायूंना चालना देणाऱ्या पेशी मरतात. पेशी मेल्या कीं स्नायु लुळा पडतो. त्वचेची संवेदना मात्र शाबूत राहते. म्हणून चामड्याचा बंद कांचला, खिळा टोंचला, पट्टी उन्हांत तापली, तर तें सर्व त्या पायाला पुरतेपणीं कळत असतें.

"ताप आला, सुई टोंचली आणि पाय गेला" असें पोलिओ झालेल्या मुलांच्या घरांतून वारंवार सांगितलें जाई. सुशिक्षितांनीं तें अडाणीपणाचें बोलणें मानलें. पण त्यांत तथ्यांश होता. विषाणु शरीरांत शिरलेला असतां स्नायूंत सुई टोंचली, तर त्याच अवयवाला पक्षाघात होण्याचा संभव वाढतो, हें वैद्यकानें मान्य केलें आहे. साध्या तापाला इंजेक्शन देण्याची चाल जेथें बोकाळली होती, तेथें अशा रीतीनें पुष्कळ पाय गेले. मुलाला कडेवर घेऊन दवाखान्यांत धांवलेल्या आईनें पुढें स्वतःला जो दोष दिला, तो मात्र तिचा नव्हता. तिनें आपल्या समजुतीप्रमाणें उत्तम तेंच केलें होतें.

महाराष्ट्रांत या मुलांसाठीं काय सोय होती? पुण्यास १९४४ सालीं सैन्याचें कृत्रिम अवयव केंद्र निघालें. पण त्याचा मूळ हेतु युद्धांत जायबंदी झालेल्या सैनिकांची सोय हा होता. मुलांच्या बाबतींत पुढाकार घेतला तो मुंबईच्या फातिमा इस्माईल यांनीं. त्यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. उपचारासाठीं हिंडतां हिंडतां त्यांच्या ध्यानीं आलें, कीं आपल्याला जें शक्य झालें तें सामान्य आईला शक्य नाहीं. १९४७ सालीं त्यांनीं मुंबईस अशा मुलांसाठीं उपचारकेंद्र सुरू केलें. त्या कार्याबद्दल १९५८ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. १९५५ सालीं हाजीअली येथें भौतिक चिकित्सा व पुनर्वसन यांची अखिल भारतीय संस्था उभी राहिली आणि कॅलिपर तयार करणारे कारागीर तेथें शिकूं लागले.

परंतु पुणें बारामतीपासून सुमारें १०० किलोमीटर आणि इंदापुराहून सुमारें १४० किलोमीटर; मुंबई तर त्याहून कितीतरी लांब. कॅलिपर म्हणजे औषधाची बाटली नव्हे, कीं एकदां आणली व काम झालें. एका खेपेला माप, दुसऱ्या खेपेला घालून पाहणें, तिसऱ्या खेपेला दुरुस्ती. शिवाय मूल वाढत असतें. पाय लांब होतो, गुडघ्याची बिजागरी खऱ्या गुडघ्याच्या खालीं राहते, बूट आंखूड होतो, मांडीचा बंद रुतूं लागतो. वाढत्या वयांत पट्ट्या वरचेवर लांबवाव्या लागतात व साधन पुनःपुन्हां नवें करावें लागतें. रोजावर जाणाऱ्या बापाला प्रत्येक खेप म्हणजे दोन दिवसांची मजुरी आणि एस्‌. टी. चें भाडें. खुंटीवर टांगलेला कॅलिपर पुष्कळदां एवढेंच सांगत असतो, कीं मूल वाढलें आणि खेप झाली नाहीं.

याहूनही मोठी अडचण जमिनीची. नीरा नदीचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहूं लागला आणि बारामती-इंदापूरच्या दुष्काळी माळांपैकीं कालव्याखालच्या पट्ट्याचें रूप पालटलें. ऊंस आला, गूळ आला, पुढें साखर कारखाने आले. ही कालव्याखालची काळी जमीन पिकाला सोन्यासारखी. पण पाणी पडलें कीं तिचा चिखल पावलागणिक बुटाला चिकटतो. धडधाकट माणूस वहाणा हातांत घेऊन अनवाणी निघतो. ज्याचा बूट पोलादाला जखडलेला, त्यानें काय करावें? दोन-तीन किलोंच्या साधनावर आणखी चिखलाचें ओझें घेऊन त्यानें तो पाय कमरेच्या जोरावर फेंकावयाचा. सरकत्या कड्यांत माती जाते, कडें अर्ध्यावर अडकतें, आणि गुडघा बंद झाला असें समजून टाकलेलें पाऊल माणसाला तोंडघशीं पाडतें. कालव्याबाहेरच्या कोरड्या, खडकाळ भागांत चिखल नाहीं, पण तेथें उंचसखल वाट आहे आणि वैशाखाच्या उन्हांत तापलेलें पोलाद आहे. "नाचतां येईना, अंगण वांकडें" ही म्हण आळशाला उद्देशून आहे. कॅलिपरवाल्याच्या बाबतींत मात्र अंगण खरोखरच वांकडें असतें.

अंगण ओलांडून घरांत आलें तरी अडचण सरत नाहीं. टॉमसच्या देशांत मनुष्य खुर्चीवर बसतो, टेबलावर जेवतो आणि घरांतही बूट घालून वावरतो. त्या जीवनक्रमाला बंद गुडघा व टांचेला जखडलेला बूट फारसे जाचत नाहींत. मराठी घरांत उंबऱ्याबाहेर पादत्राण काढावें लागतें; जेवण पाटावर, अभ्यास जमिनीवर, शौचविधि उकिडवें बसून. देवळांत तर बूट न्यावयाचाच नाहीं. म्हणजे ज्या क्षणीं मुलानें चारचौघांत मिसळावयाचें, त्याच क्षणीं त्याला आपला आधार उतरवून ठेवावा लागे आणि घरांत हातांवर सरपटावें लागे. दिवसांतून दहा वेळां वाद्या सोडणें व बांधणें हें दहा वर्षांच्या मुलाला साधेलच असें नाहीं. मग तो कॅलिपर शाळेपुरता उरतो. शाळा सुटली कीं सुटतो.

मुलीच्या वांट्याला याहून वेगळें दुःख येई. परकर किंवा साडी यांच्याखालीं पोलाद झांकलें जातें खरें, पण कापड बिजागरींत अडकतें आणि फाटतें. आणि झांकून तरी काय होणार? चालण्याची लय व कड्याचा आवाज लपत नाहीं. लग्नाच्या बाजारांत पायाचें व्यंग उघडें पडूं नये म्हणून घरच्यांनींच साधन बाजूला ठेवावयाचें, आणि साधन नसल्यामुळें पाय अधिकच वांकडा व्हावयाचा, अशा दुहेरी पेंचांत कित्येक मुली सांपडल्या. मुलाला शिकवून नोकरीला लावणें हें कर्तव्य मानलें गेलें. मुलीला शिकविणें ही मात्र कृपा ठरली.

पायाच्या व्यंगानें माणसाची योग्यता ठरत नाहीं, याचें उदाहरण बारामतीलाच आहे. काटेवाडीच्या शारदाबाई पवार या स्वातंत्र्यपूर्व काळांत पुणें जिल्हा लोकल बोर्डाच्या सदस्या होत्या. ज्या काळांत स्त्रीनें सभेंत बसणें हेंच नवल, त्या काळांत त्या बोर्डाच्या कामासाठीं पुण्याला जात. एका वळूनें केलेल्या हल्ल्यांत त्यांच्या पायाला भयंकर इजा झाली आणि पुढें त्यांना कुबडीच्या आधारानें चालावें लागलें. त्यांना पोलिओ नव्हता, व येथें प्रश्न कॅलिपरचाही नाहीं. परंतु शेती, मोठा संसार व सार्वजनिक काम हीं सर्व त्यांनीं कुबडी घेऊन पुढें चालविलीं. आधार घेऊन चालणारें माणूस दुसऱ्यांचा आधार होऊं शकतें, ही गोष्ट त्या परिसरानें डोळ्यांनीं पाहिली होती. उणीव होती ती अशी, कीं प्रत्येक मुलाच्या घरीं तेवढें शिक्षण व तेवढें मनोधैर्य नव्हतें.

कॅलिपरनें माणसाच्या राहणीशीं जुळतें घ्यावें, माणसानें कॅलिपरशीं नव्हे, हा विचार हळूहळू मूळ धरूं लागला. आफ्रिकेंत युगांडामध्यें रोनाल्ड हकस्टेप या शल्यवैद्यानें १९६० नंतरच्या दशकांत साध्या लोखंडी सळीचे कॅलिपर स्थानिक कारागिरांकडून करवून घेतले. महाग बुटाऐवजीं त्यांना लांकडी तळव्याची खडावेसारखी पादत्राणें जोडलीं. जयपूरला रामचंद्र शर्मा हा कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनीं १९६८ च्या सुमारास अनवाणी चालतां येईल व मांडी घालून बसतां येईल असा कृत्रिम पाय सिद्ध केला. पुढें कॅलिपरमध्यें पोलादाऐवजीं ॲल्युमिनिअम व पॉलिप्रोपिलीन नांवाचें प्लॅस्टिक आलें. पावलाखालचा प्लॅस्टिकचा सांचा साध्या चपलेंतही मावूं लागला आणि घरांत चपलेवांचून वावरणें शक्य झालें. कानपूरला १९७२ सालीं सरकारी कारखाना स्थापन झाला आणि १९८१ पासून केंद्र सरकारनें अशीं साधनें गरजूंना देण्याची योजना आंखली.

तरीही जुन्या पोलादी कॅलिपरचा एक गुण नव्याला आला नाहीं. प्लॅस्टिक तडकलें तर तें टाकून नवें घ्यावें लागतें. पोलादाची पट्टी तुटली तर तालुक्याच्या गांवचा जोडकाम करणारा ती सांधूं शकतो, वादी तुटली तर कोपऱ्यावरचा चांभार ती शिवूं शकतो. ज्यानें लहानपणापासून एका विशिष्ट वजनाच्या व ठेवणीच्या साधनावर तोल सांवरला, त्याला तें जुनें लोखंडच विश्वासाचें वाटतें. "हलकें आहे, नवें आहे, मग घालत कां नाहीं?" असें विचारणाऱ्यानें आपला अनेक वर्षांचा चष्मा एका दिवसांत बदलून पाहावा.

आतां या कहाणीचा सर्वांत समाधानाचा भाग. जोनास साल्कची सुईची लस १९५५ सालीं व अल्बर्ट सेबिनची तोंडावाटे द्यावयाची लस त्यानंतर थोड्याच वर्षांत जगाला मिळाली. भारतांत १९९५ पासून पल्स पोलिओची राष्ट्रव्यापी मोहीम सुरू झाली. साखरपट्ट्यांत तिचें काम विशेष कठीण होतें. उंसतोडीच्या हंगामांत बीडसारख्या जिल्ह्यांतून कुटुंबेंच्या कुटुंबें येतात. त्यांचीं मुलें आज या फडावर, तर उद्यां त्या फडावर. गांवच्या यादींत त्यांचें नांव नसतें. त्यांच्या कोप्यांपर्यंत थंड पेटी घेऊन जाणाऱ्या अंगणवाडी सेविका व आरोग्यसेवक यांच्या पायपिटीवर ही मोहीम उभी राहिली. भारतांतील वन्य पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजीं पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यांत आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजीं आपला भूभाग पोलिओमुक्त असल्याचें जागतिक आरोग्य संघटनेनें प्रमाणित केलें.

रोग गेला, परंतु त्यानें स्पर्श केलेलीं माणसें आहेत. १९७० ते १९९० च्या दरम्यान ज्यांचे पाय गेले, तीं आज प्रौढ आहेत. कित्येक साठीकडे झुकलीं आहेत. त्यांच्यापुढें एक नवेंच संकट उभें राहतें. मूळ आजारानंतर तीस-चाळीस वर्षांनीं वांचलेल्या स्नायूंनाही थकवा व दुबळेपणा येऊं लागतो, सांधे दुखतात, आणि पूर्वीं सहज चढलेला जिना डोंगर होतो. इतकीं वर्षें मेलेल्या पेशींचें काम जिवंत पेशींनीं अंगावर घेतलेलें असतें. त्या आतां थकतात. अशा वेळीं "जास्त चाला, व्यायाम करा" हा सर्वसाधारण सल्ला घातक ठरूं शकतो. त्यांना हवी असते बेताची हालचाल, वेळच्या वेळीं विश्रांति, आणि ज्यांनीं तरुणपणीं जिद्दीनें कॅलिपर टाकून दिला, त्यांना कदाचित् पुन्हां कॅलिपर. पण पोलिओ विसरलेल्या जगांत पोलिओचा पाय पाहिलेले डॉक्टर विरळ होत चालले आहेत आणि पोलादी पट्टी पायाच्या वळणावर वांकविणारे कारागीरही.

घराच्या खुंटीवर किंवा माळ्यावर असें जुनें साधन पडलेलें असेल, तर तें मोडींत देण्यापूर्वीं दोन गोष्टी कराव्यात. तें वापरणारी व्यक्ति हयात असल्यास तिला विचारावें, कीं हें कां सुटलें: बूट आंखूड झाला, बिजागरी अडली, कीं उंबरा आड आला? उत्तर ऐकून मग नव्याचें माप घ्यावयास तिला न्यावें. साधनाचें माप पायावरून घेतात, तसेंच तें घरावरून व वाटेवरूनही घेतलें पाहिजे. आणि घरांत तान्हें मूल असल्यास त्याच्या लसीकरणाचें पत्रक काढून एकही मात्रा चुकली नाहीं ना, हें पाहावें. पाकिस्तान व अफगाणिस्तान या देशांत वन्य पोलिओ २०२४ सालींही आढळला आहे. त्या विषाणूला पायांची गरज नसते.